धरमपेठेतली तेलविहीर

अर्जदार: मी, कचेरीच्या फाटकाजवळ कडुलिंबाखाली बसणारा अर्जनवीस. ज्यांच्याकरिता अर्ज: माझे साडू, मूळचे खाप्याचे, हल्ली मुक्काम धरमपेठ. मुदत: ते निवृत्त होऊन आले त्या दिवाळीपासून आजतागायत. साक्षीदार: शेजारच्या वहिनी. तक्रार: कोणी येत नाही.

जमिनीखाली काय आहे हे सांगण्यास इतका आतुर मनुष्य अखिल नागपुरात दुसरा नाही, हे मी जबाबदारीने नमूद करतो. साडूंची हयात गुजरातेतल्या एका तेलक्षेत्रावर गेली. ते आटून बंद पडले, तेव्हा एका विहिरीच्या खोदाईत थराथरातून वर आलेला चुरा, जो फेकला जाणार होता, तो ते मागून घेऊन आले. बाटल्यांत भरून तो त्यांनी फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंत भिंतीलगत ओळीने मांडला आहे. फाटकाशी जमीन, चुलीशी तेल. त्यामुळे त्या घरात कोणी आत जात नाही, खाली उतरतो. "साडूभाऊ, जपून! तुम्ही हजार फूट खाली येऊन राहिले," असे ते मला चपला काढतानाच बजावतात. चहा नेहमी चुनखडीच्या थरात मिळतो. शेजारच्या वहिनी एकदा भिवापुरी मिरच्या घेऊन आल्या व म्हणाल्या, "भाऊजी, थ्या बाटल्या सरकवा नं जराशा. मले मिरच्या वाळू घालाच्या हायेत."

"घाला नं वहिनी. पण रेतीच्या थरात घाला. चिकणमातीत ओल राहते."

वहिनी माझ्याकडे वळून पुटपुटल्या, "बाई गेल्यावर घराची अशी खदान होते, पाहा." माझी मेव्हणी जाऊन तेव्हा वर्ष व्हायचे होते.

विहिरीने केव्हा किती तेल दिले, हे साडू घरच्या माणसाच्या प्रकृतीसारखे सांगतात. "तरुणपणी उसळ्या मारे. मंग दम लागला. शेवटी शेवटी तेल कमी, पाणीच जास्त. म्हातारपण असंच असते."

क्षेत्राचे नकाशे व उत्पादनाचे आकडे मात्र वरिष्ठ कार्यालयात कुलपात होते. "मेलेल्या विहिरीचं काहून लपवता? पाहू द्या नं लोकायले!" हा साडूंचा हट्ट. अर्ज मी लिहिला आणि तो मंजूर झाला. याचे श्रेय मसुद्यास आहे. नकलांची पेटी आली. साडूंनी फाटकावर पाटी लावली, 'बंद तेलक्षेत्राची संपूर्ण माहिती सर्वांस खुली. वेळ: केव्हाही', आणि व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या.

आला तो एकच, खाप्याकडचा एक संत्रेवाला. साडूंनी त्याला जेवू घातले, फाटकापासून चुलीपर्यंत उतरवले, नकाशे पसरून दाखवले. त्याने मान डोलवत सारे ऐकले आणि अखेर विचारले, "थे सबन ठीक हाय काकाजी, पण माह्या वावरात पानी कुठी लागन?"

"ते मले माहीत नाही गा."

पाहुणा निघाला. साडू त्याला पोचवायला फाटकापर्यंत आले आणि तिथेच, अगदी जमिनीच्या पातळीवर, बराच वेळ उभे राहिले.

परवा ते माझ्या टेबलापाशी आले. "माहिती खुली झाली. आता एक अर्ज लिहा, की पाहाले कोणी तरी पाठवा." माणसे पाठवणारे खाते कोणते, हे माझ्या दीर्घ अनुभवातही मला ठाऊक नव्हते. टंकयंत्रावर कागद चढवून मी 'प्रति' एवढेच टंकले. "नसन तसं खातं," ते म्हणाले, "त राहू द्या."

सबब, हा अर्ज मेहेरबान वाचकांस. धरमपेठेकडून जाणे झाल्यास पाटी पाहून आत उतरावे व एखादा प्रश्न विचारावा. तो तेलाविषयीच असावा असा आग्रह नाही; पाण्याचा तेवढा टाळावा. येणार किंवा कसे, याचे उत्तर कृपया मिळावे, म्हणजे व्हरांड्यातल्या खुर्च्या आत घ्याव्यात की राहू द्याव्यात, हे त्यांना सांगता येईल.