बोहनी झाल्याशिवाय आबा बोलत नसत

आमचे आबा गाडीत बसले तेव्हाच त्यांची वाचा गेली होती. कोणालाच कळलं नाही.

कारण आबा सकाळी बोलतच नसत.

रिठदला आमचा भाजीचा मळा. पालक, मेथी, सांबार.
पुण्याच्या मित्रांनो, सांबार म्हणजे कोथिंबीर. उगाच इडली शोधू नका.

आबा रोज पहाटे भाजी घेऊन वाशीमच्या बाजारात जायचे. त्यांचा एक नेम होता. उठल्यापासून बोहनी होईपर्यंत, म्हणजे पहिलं गिऱ्हाईक पैसे देईपर्यंत, तोंडातून शब्द काढायचा नाही. आजोबांचाही तोच नेम.
घरात त्याची टिंगल करणारी मी एकटीच.

त्या सकाळी आईनं चहा दिला. आबांनी घेतला नाही. आईला वाटलं, ॲसिडिटी असेल.
चप्पल पायात जाईना. माझा धाकटा भाऊ संजू, त्यानं घालून दिली.
उजवा हात शालीत होता. थंडी होतीच तशी.

वाशीमपर्यंत गाडी चालवत संजूच बडबडत होता. सोयाबीनचे भाव, गावातली भानगड. आबा समोर बघत होते, रोजच्यासारखे.

हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो. शेजारी बाप संपत चालला होता आणि पोरगा त्याला गावच्या गोष्टी सांगत होता.

बाजारात एका बाईनं पालकाची जुडी घेतली. तिनं दिलेलं नाणं आबांच्या बोटांतून खाली पडलं.
बोहनीचं नाणं आबांनी कधी जमिनीला लागू दिलं नव्हतं. आधी कपाळाला, मग पोत्याखाली.

"आबा, झाली न बोहनी? बोलत काहून नाही?"

आबांनी तोंड उघडलं. ते एका बाजूला ओढलं गेलं. आवाज आला, शब्द आला नाही.

वाशीमला स्कॅन झाला. मेंदूच्या मोठ्या नसेत गुठळी. तिथून अँब्युलन्सनं नागपूरला. मी तिथंच नोकरीला, धावत दवाखान्यात पोचले.

डॉक्टर माझ्याच वयाची. तिचा पहिला प्रश्न, "शेवटचं नीट कधी बोलले?"
संजू म्हणाला, "राती जेवताना."
"आणि सकाळी?"
"सकाळी ते बोलतच नाहीत, मॅडम."

तिनं लिहिता लिहिता मान वर केली. ती नजर मला अजिबात आवडली नाही.

मांडीच्या नसेतून तार घालून गुठळी काढली. बाहेर येऊन डॉक्टर म्हणाली, "गुठळी पूर्ण निघाली. रक्त सुरू झालं."
आईनं हात जोडले. गावाहून सोबत आलेले काका पेढे आणायला उठलेच.

"पेढे राहू द्या," डॉक्टर म्हणाली. "नस उघडली आहे. पण मधल्या वेळात मेंदूचा किती भाग गेला, ते उद्याच्या स्कॅनमध्ये दिसेल."

मी भडकले. "बरे होतील की नाही तेवढं सांगा. हवामान खात्यासारखं बोलू नका."

बिचारी शांतपणे म्हणाली, "वय, शुगर, रक्त किती वेळ बंद होतं, स्कॅन, उद्या हात किती उचलतात, हे सगळं धरून आम्ही अंदाज बांधतो. खरं काय ते तीन महिन्यांनी कळेल. पण तुमच्या वडिलांचं मला बरं दिसत नाही. चालतील बहुतेक. बोलण्याची आशा कमी आहे."

आई माझ्या कानात पुटपुटली, "काळ्या जिभेची हाय व ही पोरगी."

दुसऱ्या दिवशी उजवा हात हललाच नाही. स्कॅनमध्ये मोठा काळा डाग.
पुढं काठी घेऊन चालायला लागले.
बोलले नाहीत.
तिचं सगळं खरं होत गेलं, एकेक करून.

मग रिठदला घरी आणल्यावर आईनं स्वतःचाच इलाज काढला.

रोज सकाळी आबांच्या मांडीवर सांबाराची जुडी ठेवायची. त्यांच्या डाव्या हातात नाणं द्यायची आणि जुडी उचलून घ्यायची.
"आवो, झाली बोहनी. बोला आता."

आबा नाणं कपाळाला लावायचे. तोंड उघडायचे. आम्ही श्वास रोखून बघायचो.
मग आबा रडायचे.

एकदा सुट्टीला घरी आले तेव्हा मी ओरडले, "पुरे कर व आई! काहून छळतेस त्यायले?"
आई म्हणाली, "त्यायनं जलमभर नेम पाळला. देव त्यायले एक शब्द नाई देणार?"


तीन महिने झाले. आई थांबली नाही.
दुसरा झटका आला त्या सकाळीही नाणं आबांच्या मुठीत होतं. नंतर बोटं एकेक करून सोडवावी लागली.

आबांना जाऊन आज वर्ष झालं.

बाजारात आता संजू जातो. नेम त्यानं मोडला. निघायच्या आधी रोज मला फोन करतो.
"ताई, बोलून राह्यलो. ऐकू येते न?"
"येते."
एवढंच. फोन बंद.

आज फोन आला आणि पलीकडून आवाजच नाही.

"संजू! बोल न रे! संजू, बोल!"

बऱ्याच वेळानं हुंदका ऐकू आला.
"बोलून राह्यलो व ताई. आबाची लय याद आली."

जीव भांड्यात पडला. मग आम्ही दोघंही रडलो.

आबा, तुमची बोहनी कधीच झाली. नेम संपला.
जिथं असाल तिथं पोटभर बोला.

तुमची लेक