देवीने न दिलेला कौल

घरात माझ्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती. आमचे हे लोणावळ्याच्या शाळेत मास्तर. वर्गात मुलांना दरडावायचे, पण घरी माझंच चालायचं. हीच मी डॉक्टरांच्या खोलीत शिरले की पदर सावरून भिंतीकडे बघत बसायची. त्या काळी आमच्यात रीतच तशी होती. डॉक्टर ह्यांना विचारत, हे उत्तर देत, आणि मी नाडीपुरता हात पुढे करायची.

ह्यांनी जे दिसलं ते प्रामाणिकपणे सांगितलं. पोटात दुखतं, अन्न जात नाही, घेरी येते. त्यावरून पोटात व्रण असावा असं ठरलं. पाच महिने औषधाच्या बाटल्यांमागून बाटल्या झाल्या, नुसत्या दुधावर राहून झालं, आणि मी पांढरीफटक पडत गेले. शेवटी डॉक्टर म्हणाले, पुण्याला नेऊन पोट उघडून बघावं लागेल. त्या खर्चासाठी माझ्या पाटल्या मोडायचं ठरलं. पाटल्यांचं मला तितकं वाटलं नाही. पण ऑपरेशनच्या टेबलावरून मी उठलेच नाही, तर माझ्या चार वर्षांच्या लेकीची वेणी कोण घालणार, या विचाराने जीव तुटायचा.

खरं दुखणं काय, ते मला एकटीला माहीत होतं. महिन्याचे चार दिवस बाजूला बसायचं आणि पाचव्या दिवशी न्हाऊन घरात यायचं, असा शिरस्ता. माझं पाचव्या दिवशी थांबत नसे, पंधरा-पंधरा दिवस चाले. तितके दिवस बाजूला बसून घर कोण सांभाळणार? म्हणून मी न्हायची, गुपचूप चूल पेटवायची, देवांनाही हात लावायची. हे पाप मी कुणापाशी बोलले नव्हते, आणि आजार ही त्याचीच शिक्षा आहे अशी माझी खात्री झाली होती.

ऑपरेशन करावं की नाही, ते एकवीरा आईलाच विचारायचं मी ठरवलं. मळवलीला आगगाडीतून उतरलो, कार्ल्यापर्यंत बैलगाडीने गेलो, आणि मग दर दहा पायऱ्यांना बसत डोंगर चढले. गुरवाने देवीला दोन ओली फुलं लावली. उजवं पडलं तर करावं, डावं पडलं तर करू नये. आम्ही हात जोडून बसलो. पुष्कळ वेळ गेला, पण दोन्ही फुलं जागची हलली नाहीत. आई आज बोलत नाही, पुन्हा कधी या, असं गुरव म्हणाला. हे माझ्यासाठी पाणी आणायला गेले आणि मी पायरीवर बसून रडले. खोटं कशाला बोलू, देवीचा रागच आला होता. मरत मरत वर आले, आणि हिने तोंड फिरवलं!

शेजारी एक म्हातारी लाकडाची मोळी उतरवून टेकली होती. काय दुखतंय, असं तिने विचारलं. कसं कोण जाणे, जे नवऱ्याला, सख्ख्या आईला सांगितलं नव्हतं ते मी त्या अनोळखी बाईला सांगून टाकलं, पापासकट. तिने सगळं ऐकून घेतलं.

"आईला कसला इटाळ? ती बी बाईच हाय," ती म्हणाली. "पर ह्ये डाक्तरला सांगितलंस का?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मंग त्याला कसं कळावं? आन् आईनं तरी काय सांगावं? तोंड काय निसतं जेवायला दिलंया व्हय?"

एवढं बोलून तिने मोळी डोक्यावर घेतली आणि ती उतरू लागली. मी रडायची थांबले होते.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ह्यांना दाराशी बसवलं आणि डॉक्टरांना म्हटलं, आज मी बोलणार आहे. कान तापले होते, तरी सगळं सांगितलं. मग विचारलंही. ही बाटली कशासाठी? घेतली नाही तर काय होईल? पोट उघडण्याआधी आणखी कुणाला दाखवता येईल का, आणि खर्च किती? डॉक्टरांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या. मग टाक खाली ठेवला. हे पाच महिन्यांपूर्वी का नाही सांगितलंत, असं ते म्हणाले.

"तुम्ही मला विचारलंत कुठे?" मी म्हटलं.

मग त्यांनी बाटल्या बंद केल्या आणि पुण्याच्या एका लेडी डॉक्टरला चिठ्ठी लिहून दिली. तिथे फी किती ते मी आधीच विचारून घेतलं. त्यांनी तपासलं, तर गर्भपिशवीच्या तोंडाशी लहानशी गाठ होती. पोट न उघडता ती काढता आली. पाटल्या हातातच राहिल्या, आणि महिन्याभरात मी लेकीची वेणी घालू लागले.

बरी झाल्यावर आईची ओटी भरायला गेले, तेव्हा डोंगराच्या पायथ्याशी तीच म्हातारी भेटली. तिला काहीएक आठवत नव्हतं. "म्या आसं बोलले?" म्हणून ती हसली. तिचा एक डोळा लाल होऊन मिटत आला होता. भात झोडताना काहीतरी गेलं होतं म्हणे, महिना झाला. कुणाला दाखवलंत का विचारलं, तर म्हणे, लेकाला कशाला तरास? आता मला हसावं की रडावं कळेना. हट्टाने तिला आमच्या डॉक्टरांकडे घेऊन आले.

आईला शरण जायचं म्हणजे तिने सांगावं आणि आपण गप्प ऐकावं, असं मी समजत होते. तिने मात्र गप्प राहूनच मला बोलतं केलं. ती म्हातारी कोण, देवीने धाडलेली की नुसती मोळीवाली, याचा कीस मी कधी काढला नाही.

डॉक्टरांनी सवयीने माझ्याकडे बघून विचारलं, आजींना कधीपासून त्रास आहे? उत्तर माझ्या ओठांवर होतं. मी ते गिळलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

"मावशी, तुम्ही सांगा."

तिने पदर सावरला आणि थोडा वेळ भिंतीकडे बघितलं. मग ती स्वतः बोलू लागली, आणि मला वाटलं, त्या दिवशी अडलेलं उजवं फूल आत्ता पडलं.