पेपरात पडलेलं घर

बायको जाऊन दोन वर्षं झाली. घर खायले उठते, हे खरंच. पण तिची आठवण आली की मले आधी हसूच येते, ते या गोष्टीमुळं.

रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. रस्ते रुंद करायले घरं पाडायची म्हणून आमच्या बूढ़ापारा मोहल्ल्यात भिंतींवर लाल निशाण मारून राहिले होते. एक आमच्याही भिंतीवर होतं. त्याच गणपतीत मंडळाच्या नाटकात बायकोनं मिशी लावून दारुड्या नवऱ्याचं काम केलं. मी पाह्यले गेलो नाही. बाईमाणसानं धोतर नेसून नाचावं, हे मले पटलं नाही. तसं तोंडावर सांगितलंही.

दुसऱ्या दिवशी ती भाजी आणायले गेली, तेव्हा शेजाऱ्यानं इंग्रजी पेपर आणून देला. "भाऊ, वहिनीचं नाव आलं पाहा." माझं शिक्षण चौथी. रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस होतो, म्हणून पाट्यांवरची इंग्रजी अक्षरं जुळवता येत. बायकोचं नाव जुळलं. पुढं 'हाउस' जुळलं. मंग 'डाउन'. म्हटलं, संपलं. घर तिच्याच नावावर, पाडायचा हुकूमही तिच्याच नावानं निघाला.

खाट, ट्रंका, पिठाचा डबा, देव, सारं गल्लीत काढलं. ती थैली घेऊन आली न् थबकली.

"काहून जी, घर काहून बाहेर काढून राहिले?"

"तुह्या नावानं हुकूम आहे."

इंग्रजी शाळेतल्या आमच्या नातीनं पेपर वाचला न् खाटेवर लोळलीच. "आजोबा, मकान नहीं टूटा. आजी ने इतना हँसाया, इतनी ताली पड़ी, कि मानो छत गिर जाए. अंग्रेज़ी में इसकोच 'ब्रॉट द हाउस डाउन' बोलते हैं."

"हसण्याले घर पाडणं म्हणते? येडे आहेत काय इंग्रज?"

"येडे तुमी," बायको म्हणाली. "सारा मोहल्ला पाह्यले आला. घरचाच माणूस आला नाही."

तिले किती लागलं होतं, ते तेव्हा समजलं. मी खाटेवर बसलो. म्हटलं, "मंग आता दाखव."

तिनं थैली खाली ठेवली, माझा गमछा कमरेले बांधला, न् आमच्याच भांड्यांमधी दारुड्या झाली. मी दारूले कधी शिवलो नाही. पण चालणं माझं, खोकणं माझं, मीठ कमी म्हणून ताट सरकवणंही माझंच. गल्ली हसून वाकली. मीही पोट दुखेस्तोर हसलो.

सामान आत न्यायले दुपार झाली. रस्ता पुढं दुसऱ्या बाजूनं रुंद झाला. पुढच्या गणपतीले मी सगळ्यांच्या आधी जाऊन पहिल्या रांगेत बसलो. ती होती तोवर एकही नाटक सोडलं नाही.