बर्नरमधली माती

सोनईच्या बाजारपेठेत फ्रिज दुरुस्त करणारी एकच बाई, यशोधरा. आयटीआय करून तिनं दुकान टाकलं, तेव्हा लोक आत डोकावून विचारायचे, मिस्त्री कुठं गेले? ती हातातला पाना न ठेवता म्हणायची, "मीच मिस्त्री. बोला." दोन-तीन वर्षांत विचारणारे थांबले.

मार्चमध्ये एका फ्रिजची नळी जोडताना गॅसच्या टॉर्चची ज्योत वाऱ्यानं उलटली आणि तिचा डावा हात मनगटापर्यंत भाजला. हात महिन्याभरात बरा झाला. टॉर्च मात्र खिळ्याला अडकली ती अडकलीच. यशोधरा रिले बदलायची, थर्मोस्टॅट बदलायची; नळीचं काम आलं की नगरला न्या म्हणायची. का, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला, चेतनलाही नाही.

जूनमध्ये गोजरबाईंचा निरोप आला. म्हातारी मळ्यात एकटी राहायची. साखरेचं दुखणं, रोज दोनदा इन्सुलिन. त्यांच्या जुन्या फ्रिजच्या नळीचा जोड गळत होता. टॉर्चच्या ज्योतीनं टाका मारल्यावाचून इलाज नव्हता. एवढं धूड नगरला नेणार कोण? यशोधरा दुकानातली टॉर्च घेऊन मळ्यात गेली. बटण दाबलं. खट्. पुन्हा खट्. गॅस सूं करून येत होता, पण ज्योत धरेना. आणि खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं.

"आजी, टॉर्चच बिघडलीय," ती म्हणाली.

गोजरबाईंनी तगादा लावला नाही. इन्सुलिनच्या बाटल्या डब्यात घालून त्यांनी डबा माठाखालच्या ओल्या वाळूत रोवला. "तुझ्या सवडीनं कर, पोरी. चार दिस निभल."

ते 'निभल' यशोधराच्या मनातून जाईना. दुकानात येताच तिनं गॅसचा डबा काढून ठेवला आणि नुसतं बटण दाबलं. ठिणगी चांगली निळी पडत होती. ठिणगी आहे, गॅस आहे. मग राहिली हवा. तिनं बर्नरची नळी फिरवून सोडवली. हवा आत घेणाऱ्या भोकांवर कुंभारमाशीनं घर बांधलं होतं, पक्कं लिंपलेलं. तीन महिने कुणी हात लावला नाही म्हटल्यावर माशीनं तरी काय करावं! यशोधरा बराच वेळ ती माती बघत बसली. मग वायरीतल्या बारीक तारेनं तिनं भोकं टोकरली, ब्रश फिरवला, फुंकर मारली, नळी परत बसवली.

ओट्यावर जाऊन तिनं टॉर्च पेटवली. ज्योत भसकन उठली आणि तिनं झटक्यात गॅस बंद केला. दुसऱ्यांदाही तेच. पाचव्या वेळी ज्योत तिच्या हातात टिकली.

सकाळी मळ्यात गेल्यावर तिनं आधी भाजल्याचं, ज्योतीच्या भीतीचं खरं काय ते सांगितलं. गोजरबाईंनी ऐकून घेतलं. मग गोठ्यातला पत्रा ओढत आणून वाऱ्याच्या बाजूला धरून उभ्या राहिल्या. "भाकरी थापताना मी बी लई येळा पोळले," त्या म्हणाल्या. "तू कर. मी धरते."

टाका एका दमात बसला. गॅस भरून जोडाला साबणाचा फेस लावून पाहिला, एकही बुडबुडा आला नाही.

संध्याकाळी तिनं चेतनला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला ठाऊक होतं. तू त्या खिळ्याकडं बघतच नव्हतीस."