खुर्ची पुसून घ्या, मावशी

डॉक्टरांनी माझा रिपोर्ट हातात घेतला नाही. टेबलावर होता तसाच वाचला. वाचून झाल्यावर पेनाच्या टोकानं माझ्याकडे ढकलला आणि मग ते पेन टिश्यूनं पुसलं. मी समोरच्या खुर्चीवर बसले होते. बसायला त्यांनीच सांगितलं होतं, रिपोर्ट बघायच्या आधी.

"हिपॅटायटिस सी," ते म्हणाले. "काळी कावीळ म्हणतात ती. औषध आहे, पण फार महाग. तुमच्याच्यानं होणार नाही."

मी उठले. दारापाशी पोचले तेव्हा मागून आवाज आला.

"जाताना ती खुर्ची पुसून घ्या, मावशी."

आणि मी पुसली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी फार शूर होते असं कुणाला वाटायला नको. फिनेल आणलं, फडकं आणलं. बैठक पुसली, पाठ पुसली, दोन्ही हात पुसले. डॉक्टर मोबाईलमध्ये बघत होते. नऊ वर्षं मी ती खुर्ची पेशंटांच्या मागे पुसत आले होते. त्या दिवशी माझ्याच मागे पुसली. आजही आठवलं की त्या माणसाची किळस येतेच. पण फडकं धरलेल्या माझ्या हाताची जास्त येते.

दवाखाना हिंगोलीतला, खाजगी. नाव घेत नाही, नावानं काही फरक पडत नाही. मी तिथं साफसफाईला होते. आमच्यासारख्या बायांना दवाखान्यात मावशी म्हणतात. डॉक्टर म्हणतो मावशी, सिस्टर म्हणते मावशी, कालचं पोरगंही पायातली चप्पल न काढता म्हणतं, मावशी, इथं सांडलंय. आधी मला हे गोड वाटायचं. नातं जोडतात म्हणायचे मी. नऊ वर्षांत तिथल्या एकानंही माझं नाव विचारलं नाही. सख्ख्या मावशीच्या हातचं पाणी माणूस पितो. माझ्या हातचं कुणी प्यायलेलं मला आठवत नाही.

आता सुईचं सांगते.

वापरलेल्या सुया टाकायला पांढरा, जाड प्लास्टिकचा डबा असतो. पाऊण भरला की झाकण बंद करून पाठवायचा, असा नियम. हे मला खूप नंतर कळलं. आमच्याकडे डबा काठोकाठ भरला तरी बदलत नसत, कारण नवा डबा विकत घ्यावा लागतो. सिस्टर म्हणायची, "मावशी, जरा दाबून बसवा, अजून दोन दिवस जातील." आम्ही फडक्याची घडी करून दाबायचो. मी कितीतरी वेळा दाबला असेल. दिवाळीच्या आठवड्यात एक सुई फडक्यातून आली, हातमोज्यातून आली आणि अंगठ्याच्या बुडाशी घुसली. रक्त आलं. फार नाही.

माझं माहेर कुरुंद्याचं. आमच्याकडे घराघरात हळद. विळा लागो, काटा लागो, लेकराचं ढोपर फुटो, आधी हळद. दुसऱ्यांच्या पिशवीत तंबाखूची असते तशी माझ्या पिशवीत हळदीची पुडी कायम असायची. मी बोट धुतलं, हळद दाबली, चिंधी बांधली आणि कामाला लागले. सिस्टरनं पिवळं बोट पाहिलं. हसून म्हणाली, मावशी, लग्नाला निघालात काय. मीही हसले. त्या वेळी रजिस्टरमध्ये लिहायचं असतं, रक्त तपासायचं असतं, महिन्यांनी परत तपासायचं असतं. तिला हे माहीत होतं. मला हळद माहीत होती. माझी चूक एवढीच.

पुढं जयंती आली. आमच्या वस्तीतली पोरं दरवर्षी जयंतीला रक्तदान शिबिर घेतात. निळे झेंडे लागलेले असतात, बुद्धविहारात खाटा टाकलेल्या असतात, आणि मी दरवर्षी पहिल्या पाचात असायचे. मला त्याचा गर्व आहे, तो लपवत नाही. ज्यांच्या बापजाद्यांनी आमची सावली अंगावर पडू दिली नाही, त्यांच्याही अंगात आमचं रक्त जात असेल, हा विचार मला फार आवडायचा. त्या वर्षीही दिलं. आठवड्यानं रक्तपेढीतून फोन आला. तुमचं रक्त वापरता आलं नाही, येऊन भेटा. गेले. त्यांनी दुसऱ्यांदा तपासलं आणि कागद हातात दिला. म्हणाले, चांगल्या डॉक्टरला दाखवा. मला वाटलं, चांगला डॉक्टर आपल्याच दवाखान्यात आहे, रोज त्याची केबिन आपण पुसतो. घरचाच म्हणायचा. म्हणून त्या खुर्चीवर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी चहाला माझा कप वेगळा ठेवला होता. दांडीला लाल धागा बांधलेला. वेगळा कप म्हणजे काय, हे आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. हा रोग कपानं जात नाही. खुर्चीनं जात नाही, हात लावल्यानं जात नाही. रक्तातून रक्तात जातो. हे मला आज माहीत आहे, आणि त्या दवाखान्यात शिकलेल्या प्रत्येकाला तेव्हाही माहीत होतं. तरी धागा बांधला. मजा अशी की, संडास धुवायला माझेच हात चालत होते. रक्तानं भरलेल्या चादरी उचलायला चालत होते. डबा दाबायलाही चालत होते. मी त्या कपात चहा घेतला नाही. पण तेव्हा काही बोललेही नाही.

चौथ्या दिवशी सिस्टरनं मला बाजूला घेतलं. टाईप केलेला कागद होता. वर माझं नाव होतं. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांना माझं नाव लागलं होतं. खाली लिहिलेलं की, मला हा आजार नोकरीला लागण्याआधीपासून आहे, दवाखान्याचा त्याच्याशी संबंध नाही, मी माझ्या मर्जीनं काम सोडत आहे. सही केली तर सर ओळखीच्या एजन्सीतून औषध सवलतीत मिळवून देतील, असं ती म्हणाली. तीन महिन्यांच्या गोळ्या. सवलतीतली किंमतही तिनं सांगितली. तेवढे पैसे आमच्या घरानं कधी एकत्र पाहिले नव्हते.

मी म्हणाले, "सिस्टर, सुई टोचली तवा तुमी व्हतातच की तिथं."

ती म्हणाली, "नोंद कुठंय, मावशी?"

संध्याकाळी घरी मालकांना सांगितलं. माझे मालक मोंढ्यात हमाली करतात. ते म्हणाले, "सही करून टाक. जीव ऱ्हायला तर बाकीचं बघू. सायकल इकू, पत्रे इकू." त्यांची चूक नाही. त्यांना मी हवी होते. मीही ठरवलं, करून टाकायची. गोळी मिळाल्याशी कारण. महाग म्हणून सांगणारा डॉक्टर तोच, विकणारा तोच, आणि आम्ही त्याचे उपकार मानायच्या तयारीत होतो.

सकाळी गेले. सिस्टर पेन शोधत होती. म्हटलं, तोवर सामान घेऊन येते. स्टोअरमध्ये फिनेलच्या कॅन ठेवायच्या फळीवर माझी पिशवी, जुनी साडी आणि जेवणाचा डबा असायचा. पिशवी ओढली तशी फळीवर अंथरलेला जाड कागदही ओढला गेला. तो मीच अंथरला होता. वर्ष झालं असेल. सिस्टरनं दिला होता, मावशी, फळीवर डाग पडतात, हे टाका खाली. छापलेली बाजू खाली करून मी तो नीट कापून बसवला होता. मी आठवी शिकलेली बाई आहे, वाचता येतं. पण पुसायला आणि अंथरायला दिलेल्या गोष्टी वाचायची सवय नव्हती.

त्या दिवशी उलटा केला. सरकारी पोस्टर होतं, दवाखान्यांनी भिंतीवर लावावं म्हणून आलेलं. फिनेलनं एक कोपरा उडालेला. बाकी अक्षरं स्वच्छ. हिपॅटायटिस बी आणि सी. तपासणी मोफत. औषधोपचार मोफत. सरकारी रुग्णालयात संपर्क साधा.

मोफत हा शब्द मी चारपाच वेळा वाचला. मग मला ओकारी आली, खरीखुरी. मोरीत जाऊन ओकले. चूळ भरली. पोस्टर घेऊन बाहेर आले तेव्हा डॉक्टर काउंटरपाशीच उभे होते, पेशंट बाकांवर बसलेले होते.

"सर, हे फुकट हाय. तुमाला माहीत व्हतं."

ते म्हणाले, आवाज खाली ठेवा. मग म्हणाले, "सरकारी औषधाचं काही खरं नसतं. लाईन लावा, चकरा मारा. तुमच्याच सोयीसाठी म्हणत होतो."

"सही करणार न्हाई मी," मी म्हणाले. "आजार आधीपासून व्हता म्हणता. गेल्या साली जयंतीला माझं रक्त घेतलं. त्याच्या आधल्या जयंतीलाबी घेतलं. दोन्ही बारी तपासून घेतलं, चांगलं निघालं. कार्डं हायत माझ्या घरी. तुमच्या वहीत नोंद न्हाई, माझ्या रक्ताची नोंद तिकडं हाय."

हे मला बोलता बोलता सुचलं. रात्रभर सुचलं नव्हतं. दरवर्षी रक्त देऊन आले, बिस्किटाचा पुडा आणि कार्ड घेऊन आले, ती कार्डं ट्रंकेत कपड्यांखाली ठेवली, फक्त अभिमान म्हणून. डॉक्टरांचा चेहरा पडला. लाल धाग्याचा कप मी बेसिनवरून उचलला आणि पिशवीत टाकला. तो आजही माझ्याकडे आहे.

पोस्टरवर लिहिल्याप्रमाणं सरकारी रुग्णालयात गेले, आणि गोळ्या मिळाल्या. सहज मिळाल्या असं म्हणणार नाही. पहिली तपासणी, मग रक्तात विषाणू किती आहेत ते मोजायला नमुना बाहेरगावी जाणार, मग रिपोर्टची वाट. प्रत्येक चकरेला एक दिवस जातो, आणि हातावर पोट असलेल्याचा एक दिवस फुकट नसतो. तिथं एका बाईनं विचारलं, दारू पिता का, मालक बाहेर जातात का, गोंदण केलंय का. सुई टोचली का, हे तिनं विचारलं नाही. मीच सांगितलं आणि म्हटलं, लिहून घ्या. तिनं लिहून घेतलं. एकदा खिडकीवर गेले तर गोळ्या संपलेल्या. एकही गोळी चुकवू नका असं लिहिलेला कागद माझ्या हातात, आणि खिडकीत गोळी नाही. दोन दिवसांची शिल्लक होती म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी परत जाऊन उभी राहिले.

त्याच रांगेत कनेरगाव नाक्याचा एक माणूस भेटला, ढाब्यावर भाकऱ्या थापणारा. त्यानं दोन्ही म्हशी विकून शहरातल्या खाजगी दवाखान्यात पहिल्या महिन्याच्या गोळ्या घेतल्या होत्या. दुसऱ्या महिन्याला विकायला काही उरलं नाही म्हणून बंद केल्या. फुकट मिळतात हे त्याला एका कंडक्टरनं सांगितलं, डॉक्टरनं नाही. त्याचं पोट फुगलेलं होतं. मला म्हणाला, "काहून कोणी सांगलं न्हाई, बाई?" माझ्यापाशी उत्तर होतं. ते फिनेलच्या कॅनखाली सापडलं होतं.

गोळीचं पाकीट मी उलटसुलट करून वाचलं. आता मी सगळं वाचते. खाली कारखान्याचा पत्ता होता, आपल्याच देशातला. म्हणजे गोळी इथं बनते, सरकार ती फुकट देतं, आणि आमच्यासारख्यांना सांगतात तुमच्याच्यानं होणार नाही. गोळी आणि माणूस यांच्यामध्ये महागाई उभी नव्हती. फळीवर पालथं अंथरलेलं पोस्टर होतं, आणि ते अंथरायला त्यांनी माझेच हात वापरले.

तीन महिने गोळ्या खाल्ल्या. आणखी तीन महिन्यांनी परत तपासलं. विषाणू आढळला नाही. मालकांनी पेढे आणले, मी एक खाल्ला. आनंद झाला का? झाला. पण राग उतरला नाही, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

कारण माझ्या जागी साखऱ्याकडच्या तांड्यातली एक बाई लागली आहे. दवाखान्याच्या मागच्या दारापाशी गाठून मी तिला नाव विचारलं. ती आधी म्हणाली, मावशी. मग हसली आणि म्हणाली, कमळी. डबा कसा भरता म्हणून विचारलं. तिनं तळहातानं हवेत दाबून दाखवलं. मी तिला तिथल्या तिथं दोन गोष्टी सांगितल्या. डबा दाबायचा नाही. आणि टोचली तर हळद नंतर, आधी नोंद. पुढच्या सुट्टीला तिला रक्त तपासायला घेऊन गेले. तिचं ठीक निघालं. आता दर सहा महिन्यांनी घेऊन जाणार आहे, तिला आणि कुठल्याही दवाखान्यातली जी मावशी यायला तयार होईल तिला.

मागच्या सोमवारी मी डॉक्टरांकडे गेले. सोबत अर्ज होता. दिवाळीच्या आठवड्यात सुई टोचली, तिची नोंद करा, पोच द्या, रक्तदानाची दोन कार्डं आणि रिपोर्ट जोडले आहेत. एक प्रत वर, जिल्ह्याच्या आरोग्य खात्याकडे पाठवली आहे. मी बसा म्हणायची वाट पाहिली नाही. त्याच खुर्चीवर बसले. त्यांनी अर्ज वाचला, या वेळी हातात घेऊन.

"आता बऱ्या झालात ना," ते म्हणाले. "मग हे कशाला, मावशी?"

मी त्यांना माझं नाव सांगितलं. म्हटलं, या नावानं बोला. त्यांनी पोच दिली नाही. पुढच्या आठवड्यात बघू म्हणाले.

मी उठले. खुर्ची होती तशी सोडली. पुढच्या सोमवारी परत जाणार आहे, त्याच्या पुढच्या सोमवारीही जाणार आहे. नोंद होईपर्यंत त्याच खुर्चीवर बसणार आहे, आणि दर वेळी ती न पुसता उठणार आहे.