बाईचा अर्धा दिवस

"बाईचा दिवस अर्धाच धरायचा. ही रीत काय मी काढली न्हाई."

तात्या माझ्या बांधावर उभा राहून हे बोलला. नात्यानं माझा चुलत सासरा. तोंडावर मी त्याला अहोजाहो करते. इथं करणार नाही.

माझा अर्धा गहू उभा होता आणि चार गड्यांच्या भाकरी टोपलीत तशाच होत्या. पहाटे उठून थापलेल्या. वाट बघून बघून दहा वाजले तरी एक माणूस फिरकला नव्हता. म्हणून मी तात्याला बोलावणं धाडलं होतं.

आमच्याकडे कापणीला सावड असते. आज सगळ्यांनी मिळून तुझ्या शेतात, उद्या माझ्या. मजुरी नाही, दिवसाला दिवस. नवरा होता तोवर सगळं सुरळीत चाललं, कारण त्याचा दिवस पुरा. चाकणच्या रस्त्यावर कंपनीच्या बसमधून उतरताना त्याला कंटेनरनं उडवलं. मागं राहिलो मी आणि सासू. सासूला मी आत्या म्हणते. आम्ही दोघी चार-चार दिवस तात्याच्या गव्हात वाकलो. म्हणजे आठ दिवस. त्यानं एक दिवस चार गडी पाठवले आणि म्हणाला, फिटलं.

मी हातापाया पडले. हो, पडले. पदर पसरला. म्हटलं, "तात्या, गहू झडाया लागलाय. अजून एक दिवस गडी द्या, पुढल्या साली आमी दोघी दहा दिवस येऊ."

तो हसला. शेजारच्या बांधावर त्याचे दोन भाऊबंद उभे होते, तेही हसले. मग तो वाकला, माझ्या टोपलीतून एक भाकरी उचलली, तिच्यावर ठेचा घेतला आणि उभ्या उभ्या खायला लागला.

"कशाला मरतीस मातीत? ते गोदामवालं मागं लागलंय. दोन एकर त्याला भाड्यानं दे, मी बोलून ठेवलंय. घरी बसून खा."

खाता खाता निघून गेला. अर्धी भाकरी त्यानं वाटेत कुत्र्याला टाकली, ते मी डोळ्यानं बघितलं.

उरलेला गहू आम्ही दोघींनी कापला. किती दिवस लागले ते आठवायचं नाही. ओंबी हातात धरली की दाणे खाली. शेवटी आत्या केरसुणी घेऊन रानात बसली आणि मातीतून गहू झाडायला लागली. साठी उलटलेली बाई, स्वतःच्या शेतात झाडूवाली झालेली. मी रडले नाही. माझ्या अंगाची नुसती आग आग झाली.

सुट्टी संपल्यावर मी कामावर परत गेले. तळवड्याला एका छोट्या कंपनीत मी प्रेस मशीन चालवायची. पत्रा ठेवायचा, बटण दाबायचं, ठोका पडला की जॉब उचलायचा. कंपनी काही माझं माहेर नव्हतं. सुपरवायझरची जीभ तात्याच्याच घरची वाटावी अशी. पण माझ्या मशीनवरून निघालेला जॉब अर्धा मोजायची त्याचीही छाती नव्हती. क्रेट भरला की भरला. एकदा दुपारच्या शिफ्टला ठोका पडला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आठ तास मी हे धूड चालवते. मग माझ्याच शेतात मी इळा घेऊन कुणाच्या गड्यांची वाट का बघते?

शेती प्रदर्शनात मी रीपर बघितला. पुढं कातरी, मागं दोन मुठी, चालत चालवायचा. उभं पीक कापतो आणि एका बाजूला ओळीनं आडवं टाकतो. त्या स्टॉलवरचा पोरगेला सेल्समन म्हणाला, "मॅडम, मालकांना घेऊन या, डेमो दाखवतो."

"मालक मीच. सरक."

दोरी ओढली. दुसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

रीपर एकटीच्या आवाक्यातला नव्हता. गावातल्या शोभावहिनीला सोबत घेतलं. तिचा नवरा तीन शिफ्टमध्ये फिरणारा, शेती सगळी हिच्याच अंगावर. बचत गटाचं कर्ज, माझा ओव्हरटाइम आणि आत्याच्या पाटल्या. पाटल्या निघत नव्हत्या, आत्या हाताला साबण लावून ओढत होती. मी म्हटलं, राहू द्या. ती म्हणाली, "हे हात केरसुणी धरायला न्हाईत. घे."

यंत्र गावात आलं तेव्हा तात्या पारावर बसला होता. "आलं गं बायकांचं खेळणं," म्हणाला.

त्या सालचा माझा गहू मी सकाळी कापायला घेतला आणि दुपारची भाकरी खायच्या आत दोन एकर आडवं केलं. शोभावहिनी मागून पेंढ्या बांधत होती. मुठींची थरथर संध्याकाळपर्यंत माझ्या हातात राहिली. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

मग आम्ही आमची सावड उभी केली. जी बाई पेंढ्या बांधायला येईल तिच्या शेतात यंत्र जाईल. तिचा दिवस पुरा. दुसऱ्या सालापर्यंत मला धरून आठ बायका झाल्या. कुणी नवऱ्याला न विचारता आली, कुणी भांडून आली.

आणि त्याच साली तात्याची गोची झाली. गडी राहिले होतेच कुठं? सगळे कंपन्यांत. बाहेरगावचा मोठा हार्वेस्टर त्यानं ठरवला, तो गावात आलाही. पण शेताकडं वळायच्या जागी अडकला. तात्यानं रस्त्याकडेची पट्टी गोदामाला विकली होती, त्यांनी भिंत घातली होती आणि मधे उरली होती बैलगाडीपुरती बोळ. जमीन विकताना पुढं पीक कसं काढायचं हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. हार्वेस्टर आला तसा मागं मागं गेला. पाच एकर गहू उभाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या माझ्या दारात.

"सूनबाई, उद्या माझ्याकडं मशिन पाठव."

"मशिन एकटं जात न्हाई तात्या. आधी आमच्यात पेंढ्या बांधाया या. मग नंबर लागतो."

"मी? बायकांत?"

"या की. चार दिवस लागतात. पर पुरुषाचा दिवस आमी अर्धा धरतो. तुमी आठ या."

तो पायरीवरूनच वळला. चप्पल उलटी घालून गेला. आत्या आतून सगळं ऐकत होती. मला वाटलं, आता बोलणार, वडीलधाऱ्या माणसाला असं बोलतात होय? ती बाहेर आली, तोंडातली मिशेरी थुंकली आणि म्हणाली, "दहा सांगायचं हुतंस."

तात्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी मिळालं. शेतांकडं जाणारी वहिवाटीची वाट त्याच्या बांधावरून जाते. तिथं दोन खांब रोवून त्यानं काटेरी तार ओढली होती. माणूस कसाबसा वाकून जाईल, यंत्र जाणार नाही. यंत्र अलीकडं, माझ्या घरासमोर. शोभावहिनीचा आणि अजून चौघींचा गहू पलीकडं, वाळून खडखडीत. त्याच्या भावानं निरोप आणला: "आदी आमचा गहू कापा. मग तार काढतो."

बायका माझ्या अंगणात जमल्या. एक म्हणाली, "कापून टाक बाई एकदाचा. आमची वरसाची भाकर हाय त्यात." तिचं चुकत नव्हतं. माझा गहू घरात येऊन पडला होता. तोंड मी वाजवलं आणि भोगायचं यांनी. मी शोभावहिनीकडं बघितलं. सगळ्यात जास्त गहू तिचा होता.

ती म्हणाली, "त्याचा कापलास तर माझ्या रानात पाय ठिवू नगंस."

मग आम्ही वासे आणले. गोठ्याचे जुने दोन लांब वासे. यंत्र दोरांनी त्यांना आवळून बांधलं. आठ जणी खांद्याला लागलो. वाट सोडली आणि खालच्या अंगानं ओढ्यात उतरलो. गुडघाभर पाणी, खाली शेवाळलेले दगड. वासा खांद्यात रुतत होता. आत्या पुढं काठी टेकत दगड दाखवत चालली होती आणि तात्या वर त्याच्या बांधावर उभा होता.

"घसराल! मराल एखादी!" तो ओरडला.

कुणी वर बघितलं नाही. मधे एकीचा पाय सटकला, यंत्र माझ्या बाजूला कललं, माझ्या तोंडून आत्याच्या देखत शिवी गेली. पण धरलं. पलीकडच्या चढावर यंत्र टेकवलं तेव्हा माझ्या खांद्याची चोळी रक्तानं भिजली होती. दोरी ओढली. पहिल्याच झटक्याला इंजिन लागलं.

शोभावहिनीचं रान तात्याच्या रानाला लागून आहे. मी मुद्दाम त्याच्या बाजूच्या बांधापासून सुरुवात केली. चार दिवसांत पलीकडचा सगळा गहू काढला. पाचव्या दिवशी वारा सुटला आणि तात्याचा गहू झडला. पुढचे कितीतरी दिवस पाखरांचे थवे त्याच्या रानात उतरत होते. लोक म्हणतात, अन्नाची अशी नासाडी बघून कुणालाही वाईट वाटेल. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? मी रोज त्या बाजूनं जात होते आणि मला रोज बरं वाटत होतं.

गहू काढून झाल्याबरोबर मी तहसीलदाराकडं रस्त्याचा अर्ज टाकला. तलाठी पंचनाम्याला येणार म्हटल्यावर तात्यानं गुपचूप तार काढली. मग भावकीतली चार शहाणी माणसं माझ्याकडं आली. चहा प्यायले. म्हणाले, तार काढली ना त्यानं, आता तू अर्ज मागं घे. म्हातारा माणूस आहे. त्याचंही नुकसान झालंय. एकाच कुळातले आपण, मनात धरू नये. त्यांनी कागदसुद्धा लिहून आणला होता, फक्त माझी सही बाकी होती.

यातला एकही त्या दिवशी माझ्या बांधावर आला नव्हता. आत्या केरसुणी घेऊन रानात बसली तेव्हा यांना कुळ आठवलं नाही. मी कागद घडी करून त्यांच्याच हातात परत दिला. आज काढलेली तार उद्या परत लागते. वाट नकाशावर लागली पाहिजे, सरकारी शिक्क्यानं, आणि माझ्या अर्जावर. तोवर मी प्रत्येक तारखेला जाणार, पगार बुडाला तरी जाणार.

आता पावसाळ्यानंतर भात कापायला येईल. तात्याचं खाचर ओढ्याच्या काठाला आहे. यंत्र त्याच्या शेजारून जाईल, पुढं जाईल. तो परत माझ्या दारात येणार हे मला माहीत आहे. येऊ दे. मी सतरंजी टाकेन, तांब्याभर पाणी देईन, त्याचं सगळं बोलणं ऐकून घेईन, आणि नाही म्हणेन.