पोटगीचं गाऱ्हाणं

पोरीच्या खर्चासाठी तिच्या बापावर कोर्टात अर्ज केला म्हणून मस्कतमधल्या आमच्या कोकणी मंडळाने मला जेवढं शहाणपण शिकवलं, तेवढं कुणी लग्नाआधी शिकवलं असतं तर फार बरं झालं असतं.

घटस्फोटानंतर तो मस्कत सोडून दूर सहमला राहायला गेला. तिथे त्याचं एसी दुरुस्तीचं वर्कशॉप, कागदावर अर्बाबचं, म्हणजे ओमानी मालकाचं. मी इथेच मस्कतला, रुवीत दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला, मुलगी माझ्याजवळ. तिच्या खर्चाची रक्कम इथल्याच कोर्टाने ठरवून दिली होती. सुरुवातीचे काही महिने त्याने ती दिली, मग हात वर केले. मुलीचं दहावीचं वर्ष. थकलेली फी भरली नाही तर शाळा नाव कमी करणार आणि मला तिला कणकवलीकडे आईजवळ पाठवावं लागणार, हे स्पष्ट दिसत होतं. जिला मराठीत धड भांडताही येत नाही, ती पोर तिथल्या शाळेत दहावी काढणार? मी तिला पाठवणार नव्हते.

म्हणून वसुलीचा अर्ज केला. टायपिंगच्या दुकानातल्या मल्याळी माणसाने तो अरबीत करून दिला. कोर्टाच्या खिडकीवरच्या ओमानी बाईने मला हिंदीत एकच प्रश्न विचारला, "पैसा आया, नहीं आया?" नहीं आया, म्हटलं. तिने अर्ज घेतला. थकलेले पैसे भरल्याशिवाय मुलीचा बाप देश सोडून जाऊ शकणार नाही, असंही तिने सांगितलं. आणि बाहेर कुणी समझोता केला तरी मी स्वतः येऊन सही केल्याशिवाय फाइल बंद होणार नाही. त्याला मेसेज जाईल, म्हणाली. इन्शाल्ला, खलास. भांडण का झालं, स्वयंपाक जमत नव्हता का, सासूला उलट बोलत होते का, यातलं तिने काहीही विचारलं नाही.

ते सगळं विचारायला मंडळाचे काका होते. बांधकाम कंपनीत फोरमन, तीस-एक वर्षं इथे, आणि लोकांचे संसार म्हणजे आपल्याच साइटवरचं काम आहे असा त्यांचा समज. "आपलेच दात नि आपलेच ओठ गो," ते फोनवर म्हणाले. "अरबांच्या दारात कित्याक जातंस? आमी मेलंव काय?"

त्या वर्षी त्यांच्या हमरियाच्या फ्लॅटवर गणपतीला गेले, ती मुलीच्या हट्टामुळे. तिला बापाला भेटायचं होतं. तो आला होता, नवा शर्ट घालून, टाळ कुटत. आरती झाली, आणि काकांनी नारळ हातात घेतला. आमच्या दोघांच्या नावाने गाऱ्हाणं घालणार आहेत, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

"बा देवा म्हाराजा! ह्या दोघांत जो काय वाकडो विचार इलो असात, तो आज ह्या नारळाबरोबर फोडून टाक!"

"होय म्हाराजा!" सगळी खोली ओरडली.

"कोर्टकचेरीचो फेरो तोड! लेकराच्या बापाक बरी बुद्धी दी, म्हयन्याच्या म्हयन्याक पैसे देवची ताकद दी!"

"होय म्हाराजा!" यात सर्वांत मोठा आवाज त्याचाच होता. मी तोंड मिटून उभी राहिले. माझा संताप असा होता की, तोंड उघडलं असतं तर देवासमोरच शिवी निघाली असती.

नारळ फुटला. काकींनी अर्धी वाटी माझ्या हातात कोंबली, "मिटला गो बाय आता." मी काकांना तिथेच सांगितलं, "पैसे जमा झाले की कोर्टात जाऊन सही करीन. त्याआधी नाही." ते हसले. देवापुढे मिटलेलं पुन्हा कोर्टात कशाला मिटवायचं, हे त्यांना खरोखरच कळत नव्हतं. त्यालाही नाही.

पैसे आले नाहीत. बाप मात्र दर शुक्रवारी लेकीला फोन करायचा. धंदा बसलाय, अर्बाब पैसे देत नाही, मी एक वेळ जेवतो. ती फोन ठेवून माझ्याकडे रागाने बघायची. "मम्मी, लीव्ह हिम ना. पप्पांकडे नाहीच आहेत, तर कुठून देणार?" शाळेच्या सहलीला स्वतःहून नको म्हणाली. नवे बूटही नको म्हणाली. बापाची दया येऊन माझी पोर स्वतःचं एकेक मागणं पुसत चालली होती, आणि मी तिच्या नजरेत कैदाशीण.

दिवाळीच्या तोंडावर, बुधवारी संध्याकाळी, काकांचा फोन आला. तो गावी निघाला होता आणि विमानतळावर पासपोर्टच्या काउंटरवर त्याला अडवलं होतं. कोर्टाची बंदी. बॅगांत मंडळातल्या चार घरांची पार्सलं होती, खजूर, दूध पावडर, अत्तरं. तीही परत आली.

"देवाक फशिवलंस तू!" काका ओरडले. "गाऱ्हाणा झाला, नारळ फुटलो, तरी केस चालू ठेवलंस?"

"मी होय म्हटलं नव्हतं, काका."

"आमी सगळ्यांनी म्हटला ना!"

"मग तुम्हीच सगळे मिळून भरा," मी म्हटलं आणि फोन ठेवला. चोराच्या उलट्या बोंबा ऐकायला मला कुणी पगार देत नाही.

गुरुवारी दुपारी कोर्टाचा मेसेज आला. थकलेली सगळी रक्कम भरली गेली होती, एकरकमी. मला वाटलं, मंडळाने वर्गणी काढली. संध्याकाळी काकींनीच रागारागात फोनवर सांगून टाकलं: कुणी दमडी दिली नव्हती. त्याने सकाळी स्वतःच्या खात्यातून भरले आणि रात्रीचं विमान पकडायला निघाला. "घराच्या स्लॅबसाठी ठेवलेले बिचाऱ्यान," काकी म्हणाल्या.

फोन स्पीकरवर होता. मी भाजी चिरत होते. मुलगी समोर अभ्यासाला बसली होती.

काकींनी फोन ठेवल्यावर तिने वही मिटली. मग मराठीतच, शब्द शोधत, म्हणाली, "म्हणजे... पप्पांकडे... होते?"

मंडळातली कुठलीही शहाणी बाई या जागी म्हणाली असती, नाही गं राजा, कुणाकडून तरी उसने आणले असतील.

"होते," मी म्हटलं. "सगळा वेळ होते."